माणशी चार गायी

नांदे, ता. मुळशी
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दिशा,

नमस्कार. इकडं सगळी खुशाल आहेत. तूही मजेत असशील असं धरून चाललोय. विचारायची सोय तू फोनवर बंदच करून टाकलीस, मग दुसरं काय धरणार? पत्ता तुझ्या सायलीकडून घेतला. बहिणीवर चिडू नकोस, ती आधी नाहीच म्हणाली होती. मग म्हणाली, "कागदावर लिहिणार असशील तर देते. फोनवर तू लगेच तापतोस."

तर बातमी अशी की आमचं घरच्या सगळ्यांचं फिरायला जायचं ठरतंय. दिवाळीनंतर, मार्गशीर्षात. बाबा, आई, चंद्राआत्या आणि मी. आणि जायचं कुठं, तर उरुग्वेला! तू आहेस त्याच देशात. योगायोगच म्हणायचा.

हसू नकोस. रस्त्याकडची जमीन विकल्यापासून भावकीतला एकेक जण कुठं ना कुठं जाऊन आलाय. कैलासकाका तर बारा दिवसांत दहा देश करून आले आणि आता फोटो दाखवताना काकूला विचारतात, "ह्यो पूल कुटला गं?" बाबांना असलं काही नको होतं. म्हणाले, "पळापळ नगं. जितं जाऊन निस्तं बसता येईल आसं गाव बघ."

मग मी फोनवर उरुग्वे काढलं. हिरवी कुरणं, मध्येच एखादं झाड, आणि गायी, नजर पोचेल तिथवर गायी. सांगितलं, "बाबा, तिथं माणसांपेक्षा गायी जास्त आहेत. माणशी साडेतीन, चारच धरा."

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. आमची शेवटची गाय गेल्या वर्षी गेली, चरायला जागाच राहिली नाही. गोठ्यात आता भाडेकरूंच्या मोटारसायकली लागतात. बाबा अजून संध्याकाळी तिथं जाऊन उभे राहतात, का ते त्यांनाही सांगता येत नाही. फोन परत देत बोलले, "माणशी चार? मंग आपल्या वाटच्या सोळा झाल्या की रं. जाऊया."

त्या दिवसापासून मी निम्मा तिकडंच असतो. हिंजवडीतल्या एका कंपनीची स्टाफची गाडी चालवतो मी आता. दुपारी दोन-तीन तास गाडी झाडाखाली उभी असते. सीट मागं पाडायची, काचा अर्ध्या खाली करायच्या, नकाशा उघडायचा आणि निघायचं. तिकडच्या कोलोनिया गावातले दगडी रस्ते मला आता पौडच्या बाजारपेठेसारखे पाठ झालेत. एक गल्ली उताराची आहे, तिच्या टोकाला नदी दिसते. नदी कसली, पलीकडचा काठच नाही. दूध कमी पडलेल्या चहासारखं पाणी, आणि ते हलतंय की नाही तेही कळत नाही. त्या उतारावर चंद्राआत्या नऊवारीचा ओचा सावरत बसलीय. शेजारच्या बाकावर एक म्हातारा थर्मास बगलेत धरून तो तुमचा कडू पानांचा चहा नळीनं ओढतोय. आत्या त्याला मराठीत विचारते, "साकर न्हाई घालत व्हय?" आणि तो मान हलवतो. दोघांना एकमेकांचं सगळं कळतं.

मग सालतोची गरम पाण्याची कुंडं. बाबा गुडघ्यापर्यंत पाण्यात. आई काठावर, पाय सोडू की नको. तिथं डिसेंबरात ऊन म्हणे, उन्हाळा असतो. आमच्याकडं शेकोट्या पेटायच्या वेळेला तिकडं कलिंगडं. आणि समुद्रावरच्या एका गावात सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवतात, असं मी वाचलं. खरं आहे का? मुळशीच्या धरणामागं रोज एवढा सूर्य बुडतो, आपण कुणी कधी एक टाळी दिली नाही. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत पाठमोरी एक मुलगी असते. केस वाऱ्यावर. ती वळायच्या आत कुणीतरी गाडीच्या काचेवर टकटक करतं, "भैया, चलो, शिफ्ट छूट गई."

आईनं मात्र या सगळ्यात काहीच विचारलं नव्हतं. परवा भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती सूसची पोरगी त्याच देशात हाय न्हवं?"

मी म्हटलं, "कोण?"

"म्हंजी हाय."

बरं, दिशा, योगायोग वगैरे काही नाही. तू नोकरीला तिकडं गेल्याचं कळलं त्या दिवशी मी पहिल्यांदा तो देश नकाशात शोधला. गायी मला नंतर सापडल्या. बाबांना मी गायी दाखवल्या आणि स्वतः तुझा रस्ता बघत बसलो.

आई पुढं म्हणाली, "जायाचं तर जाऊ. पर समिंदरापारच्या दारात जायाच्या आदी पौडातल्या दारात जाऊन ये. किशोरच्या."

इतका वेळ मी पौडच्या स्टँडचं नाव काढलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मी लोकांना सांगतो की कॉलेज सोडलं, कारण अभ्यासात मन नव्हतं. ते खोटं आहे. तुझी एसटी चुकली होती आणि दाखल्यासाठी तहसीलला वेळेत पोचायचं म्हणून आपल्या वर्गातल्या किशोरनं तुला गाडीवर घेतलं, एवढीच गोष्ट होती. मी स्टँडवर तुम्हाला बघितलं आणि पुढचं मला नीट आठवतसुद्धा नाही. त्याचे दोन दात रस्त्यावर आणि तू ओढणीनं त्याचं तोंड पुसतेयस, एवढं आठवतं. तू ओरडली नाहीस. म्हणालीस, "मला विचारलं असतंस तर एका वाक्यात सांगितलं असतं." ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. कॉलेजनं पत्र देऊन वर्गासमोर माफी मागायला सांगितली. मी ते पत्र फाडून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं आणि घरी आलो. माफी मागण्यापेक्षा शिक्षण सोडणं मला सोपं वाटलं, बघ.

आता गंमत ऐक. किशोरचं तहसील कचेरीजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पासपोर्ट असो, व्हिसा असो, निम्मी मुळशी त्याच्याकडंच येते. म्हणजे माफी मागायला नाही गेलो तरी फॉर्म भरायला मला त्याच्याच समोर बसायचं होतं. तीन चकरा मारल्या दुकानावरून. चौथ्या चकरेला त्यानंच आतून हाक मारली, "काय पैलवान, पेट्रोल फुकट मिळतंय का? ये की."

आत गेलो. माफी मागायला तोंड उघडलं, आणि निघालं, "फॉर्म भरायचेत."

त्यानं कीबोर्ड पुढं ओढला. बाबांचा भरला, आईचा भरला, आत्याचा भरला. माझ्या फॉर्मला थांबला. "तिकडची वळखीची व्यक्ती हाय का कोण? नाव सांग."

मी तुझं नाव सांगितलं.

बोटं थांबली त्याची. "नातं?"

मी काउंटरवरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"तिला इचारलंयस का येऊ म्हनून?"

"सरप्राइज द्यायचंय," मी म्हणालो.

"सरप्राइज मला दिलंयस की एकदा. ह्ये बघ." आणि त्यानं तोंडात बोट घालून पुढचे दोन खोटे दात काढले आणि काउंटरवर ठेवले! शेजारी धोंडाबाई म्हणून एक आजी पेन्शनच्या कागदासाठी बसल्या होत्या, त्या ओरडल्याच, "आगं बया, पोराचं दात पडलं!"

दिशा, माझी कानशिलं तापली. हात मुठीत गेला. खोटं कशाला लिहू, गेलाच. आणि समोर तो, पुढचं बोळकं घेऊन माझ्याकडं बघतोय. तेव्हा मला हसू फुटलं, आणि हसता हसता ते भलतीकडंच गेलं. आजींनी पदर पुढं केला माझ्यापुढं. मी सगळ्या दुकानासमोर म्हणालो, "चुकलं माझं, किशोर."

त्यानं दात उचलले, पुसले, बसवले. "यवढ्यासाठी तीन वर्सं लावलीस व्हय?" मग कॉम्प्युटरकडं वळून म्हणाला, "पाव्हण्यानं जायाच्या आदी निरोप धाडायचा आसतो. तिचं हो आल्याबिगर ह्यो रकाना मी भरत न्हाई. दुसऱ्या दुकानात गेलास तर आजींस्नी सांगीन."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. गायी हे माझं निमित्त होतं, हेही. वाटलं होतं, जाणं मोडलं. बाबा गोठ्याच्या दारापर्यंत जाऊन आले. मग विचारलं, "पर गायी हायेत न्हवं तितं? का त्याबी लबाडीच?"

"आहेत, बाबा."

"मग झालं. आमी गायी बघाया जानार. पोरीनं नगं म्हटलं तर तिच्या गावात तू पानीबी प्यायचं न्हाई. उतरायचं आन् सरळ गरम पान्याच्या गावाची गाडी धरायची."

म्हणून हे पत्र. तू नाही म्हणालीस तर त्या रकान्यात हॉटेलचा पत्ता जाईल, विमानतळावरून आम्ही त्याच दिवशी सालतोची बस धरू, आणि तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मी येणार नाही, लांबूनही नाही. हो म्हणालीस तर फार काही मागत नाही. एक संध्याकाळ त्या नदीकाठी आमच्या माणसांबरोबर बस. आत्याला बोलायला कुणीतरी मराठी लागेल.

आणि तू मला आवडतेस. हे मी तुला आजवर नीट सांगितलंच नाही. एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याच्या तोंडावर ठोसा मारून. आता हळू सांगतोय, घाई नाही. तिकडं पोस्टाला तीन आठवडे लागतात म्हणे, आणि इकडं यायला तेवढेच. दिवाळी होऊन जाईल. तोवर सायलीला खोदून विचारणार नाही, नव्या नंबरावरून फोन करणार नाही. तुझं नाही आलं तर मी ते कुणावर काढणार नाही. हे कबूल करायला सोपं वाटतंय म्हणून दोनदा वाचलं. तरी कबूल.

मी येऊ का, दिशा?

विचारून थांबलेला,
निरंजन