मुलाखतीतले बाबा

तीर्थरूप बाबा,

आमच्या बँडचा नवा अल्बम येतोय, म्हणून एका वार्ताहराने आम्हा चौघांची मुलाखत घेतली. बाकीच्या तिघांनी घरचा विरोध अगदी रंगवून सांगितला. माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मग मी ठोकून दिलं, "बाबांनी माझी पहिली गिटार फोडली होती."

खरं तर मागच्या खोलीत आमचा गोंगाट चालायचा तेव्हा तुम्ही कानात कापूस घालून शिवणयंत्र चालवायचात. भांडायला आलेल्या शेजाऱ्यांना चहा पाजून परत पाठवायचात. गिटारची खोळसुद्धा तुम्हीच शिवलीत.

मुलाखत छापून आली आणि काल सरावाच्या मध्येच तुमचा फोन आला. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. पण तुम्ही अडखळत म्हणालात, "बाळा, मला हल्ली नीट आठवत नाही. पण तू म्हणतेस म्हणजे फोडली असेन. रागाच्या भरात झालं असेल. माफ कर हं मला."

तिघंही माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला जीभ रेटेना. मी म्हणाले, "जाऊ द्या हो बाबा, मी कधीच विसरले ते."

"गुणाची गं माझी पोर," तुम्ही म्हणालात.

हे पाकिटात घालायचंही धाडस नसलेली,
तुमची धाकटी