माझे एकतीस आकडे

१२ मार्च १९९६

निवृत्तीचा सत्कार करणार म्हणे! धनंजय सांगत आला. आमच्या गणित विभागाचा प्रमुख — माझाच विद्यार्थी, हातचा अजून विसरतो. अमीनाबादच्या बाजारातून चिकनच्या भरतकामाची शाल आणणार आणि तिच्यावर माझी संख्या भरून घेणार. एकतीसच्या एकतीस आकडे! म्हटलं, "कारागिराचा एक आकडा चुकला तर ती मूळ संख्या राहील का?" गाढव हसला. "सर, दिसायला काय फरक पडतो?"

दिसायला! माझ्या संख्येला एकाने भाग जातो, तिचा तिने जातो, बाकी जगात कुणाची टाप नाही. १९६९ साली ती मूळ असल्याचं सिद्ध केलं मी — दोन वर्षं गणकयंत्राचा दांडा फिरवून. त्याच साली शर्मिष्ठा झाली. दोघींपैकी एकीनेच माझं ऐकलं.

१४ मार्च

शर्मिष्ठा कंपनीत कॉम्प्युटरवर असते. आता तो डबा घरीही आणलाय. आज म्हणते, "बाबा, आपका नंबर चेक कर दूँ? दो मिनट का काम है।"

दोन मिनिटं! आणि लेक साताऱ्याच्या माणसाची, पण मराठीत उत्तर देईल तर शपथ. मी मराठीत ओरडायचं, तिने हिंदीत भांडायचं — जन्म गेला तिचा लखनौत, दुसरं काय होणार! म्हटलं, "कर. तुझ्या डब्यालाही कळू दे."

१५ मार्च

वीज नाही. डबा गप्प. बरं झालं.

१७ मार्च

सकाळी विचारलं, काय म्हणतो तुझा डबा? चहा गाळत होती. म्हणाली, "हो बाबा, मूळच आहे. तुमचं बरोबर आहे."

झालं ना! नाक घासत आला की नाही डबा? लगेच धनंजयला फोन करून ऐकवलं. संध्याकाळी तिने न सांगता साबुदाण्याची खिचडी केली. खारट झाली म्हटलं, तरी भांडली नाही.

१८ मार्च

काहीतरी खुपतंय. ती मराठीत बोलली. सावकाश, शुद्ध मराठीत.

अशी ती एकदाच बोलली होती. हिची आई इस्पितळात होती तेव्हा. बाहेर येऊन मला म्हणाली, "बाबा, आईला आता बरं वाटतंय." दुसऱ्या दिवशी आई गेली.

१९ मार्च

तिला समोर बसवलं. म्हटलं, "परवाचं आता हिंदीत सांग."

चहाचं विचारत उठायला लागली, मी परत बसवलं. मग — "नहीं है, बाबा। प्राइम नहीं है।"

म्हटलं, "कशाने भाग जातो ते सांग. डब्यावर माझा विश्वास नाही, मी हाताने भागून बघणार."

रडत रडत एकेक आकडा सांगितला. हिंदीत.