खोक्यांचं काय करायचं

६ जाने., मंगळवार
हॉल रंगवायचाय. पावसाळ्यात गळलेला कोपरा आत्ता कुठं वाळला. पेंटर २७ ला येणार. म्हणून स्पीकरची खोकी भिंतीपासून ओढली, तर डाव्याचं बूड हातात आलं. नुसता भुसा. उजवं जरा बरं, पण त्याचंही प्लाय फुगलंय. शंकूभोवतीचा फोम बोट लावताच पिठासारखा झडला.
हे म्हणाले, "ठेवायची तर नीट करून घे. नाय तर दे काढून. असं मढं नको घरात."
मढं! लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः आकृती काढून, सगळं वायरिंग करून बनवलेली खोकी. लाकूडकाम तेवढं शफीकभाईंचं. २७ च्या आत ठरवायचं.

८ जाने., गुरु.
खोलण्याआधी एकदा लावून पाहिली. मोठे शंकू घरघर करतात, ते ठीक, फोम गेलाय. पण वरचे छोटे, बारीक आवाजाचे ट्वीटर, दोन्ही गप्प. दोन्ही एकदम कसे जातील? तारा तपासल्या. मीटर लावला. मीटर म्हणतं, ठीक.
तीस वर्षं पॉलिटेक्निकात मुलांना सांगितलं की मीटर बघा, पण शेवटी कान काय म्हणतो ते ऐका. आता दोघं दोन सांगताहेत.

१० जाने., शनि.
दोन्ही ट्वीटर पिशवीत घालून क्रांती चौकाजवळ संतोषच्या दुकानात. माझा विद्यार्थी. केस पिकले त्याचे, तरी मला बघून उठून उभा राहतो. त्यानं एक जोडला. मी म्हटलं, "बघ, मेलाय."
तो म्हणाला, "मॅडम, वाजतोय की."
मग माझ्याकडं पाहिलं आणि घाईघाईनं, "म्हणजे... आवाज कमीच आहे तसा. जुना झालाय ना."
खोटं बोलला. दुकानातलं गिऱ्हाईक कानावर हात ठेवून उभं होतं, इतका ट्वीटर किंचाळत असणार.
रिक्षानं परत. ह्यांना सांगितलं, संतोष बघून सांगतो म्हणाला. ट्वीटर पिशवीतच.

११ जाने., रवि.
गच्चीवर कपडे वाळत घालताना सहज विचारलं, "चिमण्या दिसत नाहीत हल्ली?"
हे पेपरातून मान वर न काढता, "सकाळपासून ओरडायल्यात की टाकीवर."
टाकीवर पाच-सहा बसल्या होत्या. चोची हलत होत्या.

१४ जाने., बुध.
संक्रांत. तीळगूळ झाला नि लगेच भांडण. "टीव्ही किती मोठा करतीस? शेजारी काय म्हणतील?" मी म्हटलं तुम्हीच पुटपुटता. मीच वाईट बोलले. नंतर स्वयंपाकघरात नुसतीच उभी. आईचं असंच झालं होतं साठीनंतर. आम्ही भावंडं हसायचो तिला, उलटसुलट उत्तरं द्यायची म्हणून.
झोप नाही धड.

१६ जाने., शुक्र.
शफीकभाई आले. सत्तरी ओलांडली, डाव्या हाताला कंप आहे. गुडघ्यावर बसून खोकी वाजवून पाहिली, टरबूज वाजवतात तशी.
"बाई, तळ गया. बाकी डब्बा खडा है. नवीन तळ, आतून दोन पट्ट्या. झालं."
"काम कोण करणार?"
"मैंच करूंगा. दुसऱ्याला हात लावू देणार नाही." मग हसून, "तुम्ही तेव्हा तीनदा कापायला लावलं होतं. पाव इंच जादा झालं म्हणून. तुमचा कान लई तिखट."
मी चहाचं निमित्त करून आत गेले.
पुढच्या रविवारी, २५ ला, हत्यारं घेऊन येतील, तेव्हा उत्तर हवंय त्यांना. नंतर महिनाभर लासूर स्टेशनला, लेकीकडं.

१७ जाने.
काय उपयोग? नीट करायची, आणि मग समोर बसून अर्धंच ऐकायचं? खोकी मोडकी आहेत तोवर दोष खोक्यांचा.
हे लिहायला नको होतं.

२० जाने., मंगळ.
कानाच्या डॉ. कडं. एकटीच. ह्यांना बँक सांगितलं. काचेच्या खोलीत हेडफोन. आवाज आला की बटण दाबा. थोड्या वेळानं काहीच येईना. आणि मी काय केलं? अंदाजानं दाबायला लागले. दर चार सेकंदांनी. मी! प्रॅक्टिकलला खोटी रीडिंग लिहिणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढणारी.
तपासणारी मुलगी दार उघडून म्हणाली, "काकू, ऐकू आल्यावरच दाबा हं." लाजेनं मेल्यासारखं झालं.
डॉ.: दोन्ही कान, बारीक उंच आवाज बरेच गेलेत. परत येणार नाहीत. यंत्र लावलं तर बोलणं सुधारेल. "आणि गाणं?" ते म्हणाले, लावून बघावं लागेल, प्रत्येकाचं वेगळं.

२३ जाने., शुक्र.
सांगितलं. मटार सोलता सोलता. हे शेंगा सोलतच राहिले. मला वाटलं, चिडले लपवलं म्हणून.
मग म्हणाले, "मला तर त्या खोक्यांतला फरक कधीच कळला नाही."
"म्हणजे?"
"तू म्हणायचीस, बघा, आता कसं मोकळं वाजतंय. मी म्हणायचो, व्हय. पाचोडच्या बाजारातल्या कर्ण्यावर वाढलेला माणूस मी. मला सगळं सारखंच."
"मग दर रविवारी समोर बसायचात ते?"
"तू बसायचीस म्हणून."
हसू आलं, रडूही. राग पण आला थोडा. एवढी वर्षं मी एकटीच ऐकत होते तर.
"मग काढून टाकायची का?" विचारलं.
"ते मला नको विचारू. यंत्राला मात्र बुधवारी जायचं. मी येतो."

२५ जाने., रवि.
शफीकभाई नऊलाच आले. म्हटलं, अजून ठरलं नाही. "ठीक आहे, एक खोलून तर बघू." डाव्याचा उरलासुरला तळ निघाला. आतल्या फळीवर पेन्सिलनं माझी मापं, माझ्या अक्षरात, पाव इंच खोडून पुन्हा लिहिलेलं. बाजू खरंच धड आहेत. कुठं कीड नाही.
"काय बाई, दुसरा खोलू? का हा पण बंद करू?"
हे माझ्याकडं बघत होते. म्हटलं, पाच मिनिटं द्या, आणि आत आले.
यंत्र लावून काय ऐकू येईल ते कुणालाच माहीत नाही. खोकी आता गेली तर पुन्हा बनवणारा हात नाही. बाहेर दोघं काहीतरी बोलताहेत. आवाज येतोय, शब्द नाही कळत.
चहा संपला असेल त्यांचा. जायला हवं.