नैवेद्याची ट्रायल

॥ श्री ॥
मुरबाड, १० डिसेंबर २०२५

चि. सौ. राहीस, सरस्वतीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सारे खुशाल. शेणव्याला तुम्हीही तसेच असाल. फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून लिहिते.

ओमकार आणि सूनबाई मिताली एकाच कारखान्यात इंजिनीअर. जेवतानाही तीच भाषा. भाजी जमली तर ओके, करपली तर रिजेक्ट. दोघं हसतात. कशाला हसले ते मला कळतं, पण त्यात मला कुणी धरत नाही. परवा ओमकार म्हणाला, की घराचं सगळं एकट्या आईवर चालतं, ती बंद पडली तर सगळंच बंद, म्हणून स्टँडबाय तयार हवा. म्हणजे यंदा म्हसा गावच्या जत्रेचा नैवेद्य मितालीने करायचा. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पुरणपोळ्या माझ्या हातच्या.

नैवेद्य आधी चाखायचा नसतो, हे मी तिला सांगितलेलं नाही. ही पोरगी चहासुद्धा चाखल्याशिवाय गाळत नाही. चाखू दे. ओमकारलाही दिसेल, त्याचा स्टँडबाय कितपत चालतो ते.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

शेणवा, १६ डिसेंबर

ती. ताईस, राहीचा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून हसले, मग देवाला हात जोडले. राग सुनेवर नि उष्टं देवाला, असं नाय चालत गो ताई. तिला सांगून टाक.

तुला स्टँडबाय टोचला, मला तुझा हेवा वाटला. मागं तापानं फणफणले तरी चुलीपुढं मीच. आई बंद पडू शकते, हे आमच्या सुनिलच्या डोक्यातच येत नाय. जत्रेला येणं होत नाय, वालाच्या शेतात गुरं शिरतात.

धाकटीवर माया ठेव.
तुझी राही

मुरबाड, ५ जानेवारी २०२६

चि. सौ. राहीस आशीर्वाद. वि. वि.

मी सांगितलं नाही. ओमकारनेच तिला सांगून ठेवलं होतं. म्हणून तिने जत्रेच्या आदल्या दिवशी चाखायला वेगळ्या, ट्रायलच्या पोळ्या केल्या. डाळ-गूळ उगाच जातो, असं मी पुटपुटले. पहिली पोळी तिने मलाच वाढली. म्हणाली, आई, यातली चूक काढा, चूक निघाली नाही तर ट्रायल फुकट. आपल्याकडे दुसरीच्या रांधण्याला नावं ठेवली की अबोला होतो, आणि ही मागून घेते.

गूळ कमी होता. छान झाली म्हटलं असतं, तर तशीच पोळी देवापुढे गेली असती आणि जत्रेला आलेल्या सगळ्यांच्या पानात पडली असती. हे माझ्या मनात आलं, राही. घास तोंडात घोळवत बसले. मग सांगितलं, गूळ वाढव, जायफळ कमी कर. ती रुसली नाही.

पोळ्या उत्तम झाल्या. माझी जाऊ ठकी तिचा हात धरून म्हणाली, सासूपेक्षा सरस. मिताली सांगत होती, की ट्रायल आईंनी पास केली, पण जेवणाच्या गलक्यात ते कुणी ऐकलं नाही. मी पोळ्या वाढत राहिले. तो गूळ मी सांगितलेला होता, एवढं निदान तुला ठाऊक असू दे.

मनात अंतर पडू देऊ नकोस.
तुझी ताई