मनगटाला टेकलेला पटर

१२ नोव्हें., मंगळवार
पटरनं, होलजवळ वापरायच्या काठीनं, दोन फुटांवरून वीस मारले. अकरा आत. काल तेरा होते.
मारायच्या ऐन क्षणाला डावं मनगट दुमडतं. मी दुमडत नाही, ते दुमडतं. लांबचे फटके ठीक, दोनशे यार्डावरून बॉल ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, नेतो. आणि होलच्या तोंडाशी आल्यावर हात कुणा दुसऱ्याचा.
गोल्फ क्लबात नोटीस लागली. मुख्य कोचनं १४-१५ डिसेंबरला दोन दिवस खेळून दाखवायचं, ठरलेल्या फटक्यांत यायचं. नाही आला तर कोच नवीन. अठरा वर्षं मेंबरांच्या बॅगा वाहणारा कॅडी, सात वर्षं कोच. आता परीक्षा.

१३ नोव्हें., बुध
सकाळी बायकांची बॅच. छोटा पट, पटरचा हलका फटका, कसा मारायचा दाखवत होतो. तीनदा चुकला. एक बाई म्हणाल्या, "सर, तुमचा पण चुकतो? मग बरं वाटलं." सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्यांचा दोष नाही.
पुढची दहा मिनिटं नुसतं बोललो, मारून दाखवलं नाही.

१५ नोव्हें., शुक्र
तळेगावला डॉक्टर. हात पिळून, वाकवून पाहिला. नसा ठीक, सांधा ठीक. "डोक्यात आहे," म्हणाला. मी काय मनगट डोक्यात घेऊन फिरतो?
घरी बायकोला सांगितलं. मंगल म्हणाली, "ताट धरताना हात थरथरत न्हाई. गाडी चालवताना न्हाई. मग हितंच का?"


१८ नोव्हें., सोम
क्लब बंद, म्हणून दिवसभर एकटाच सरावाच्या ग्रीनवर. आतापर्यंत काय काय केलं: हात उलटे धरून (खाली डावा, वर उजवा), जाड मूठ लावून, डोळे मिटून. झाडूएवढा लांब पटरही आणला, तो उभा धरायचा, छातीपासून लांब. कंबर धरली, बॉल कुठेही.
मग क्लबच्या दुकानातल्या कपाटातला तो जुना पटर घेतला. तीन आठवडे त्याच्याकडे बघत नव्हतो. कुणी मेंबर नव्याच्या बदल्यात ठेवून गेलाय. दांडी नेहमीपेक्षा लांब. मुठीचं वरचं टोक डाव्या मनगटावरून कोपराच्या दिशेनं हाताला टेकतं. हात आणि दांडी मिळून एकच काठी होते. मनगटाला दुमडायला जागाच राहत नाही.
वीस पैकी अठरा.
शांत. सगळा हात शांत. तिथंच गवतावर बसलो.
चुकलेले दोन माझ्यामुळे नाहीत. हात टेकवायला दांडी पुढं कलवावी लागते, मग पटरचं तोंड खाली बघतं, बॉल उडी मारून निघतो. माझ्या हाताला लांबीही कमी. पण जात हीच. दुसरी नाही.
आणि ह्याच जातीच्या पटरवरून मी सलीमला

१९ नोव्हें., मंगळ
काल अर्धं सोडलं. लिहून टाकतो.
सलीम आणि मी आंबीचे, घरं समोरासमोर. एकाच सायकलवर कॅडी म्हणून जायचो. सात वर्षांपूर्वी कोचची एक जागा निघाली आणि आम्ही दोघंच उरलो. अठरा होल खेळा, जिंकेल तो कोच. मनगटाचा त्रास तेव्हा त्याला होता. त्यानं स्वतःच पाइप जोडून, दांडीची तोंडाजवळची मान वाकवून असला पटर बनवला होता. शेवटच्या ग्रीनवर तो एका फटक्यानं पुढं. चार फुटांवरून मारला, आत गेला. मी हरकत घ्यायला हात वर केला.
नियम असा: दांडी हाताला टेकलेली चालते. पण तो हात छातीला टेकवून खुंटी केली तर दोन फटके दंड.
मी म्हणालो, त्याचा हात छातीला टेकला. मी पाहिलं.
दोन फटके चढले. एका फटक्यानं मी जिंकलो. सलीमचं नाव क्लबात 'चीटर' पडलं. पुन्हा तो कधी ग्रीनवर आला नाही.

२१ नोव्हें., गुरु
पुण्याच्या दुकानात गेलतो. तीन पटर पाहिले. एक आखूड. एक इतका लांब की टोक कोपराला टोचतं. तिसऱ्याची लांबी जवळपास बरोबर, पण तोंडाचा कल कमी, बॉल गवतात दाबला जातो.
दुकानदार: "तुमच्या हाताच्या मापानं मान वाकवून घ्या. हे काम सगळ्यांना येत नाही. तुमच्या मावळातच एक जण होता म्हणे, फार सुरेख करायचा."
"हो का," म्हणालो.
तिसरा घेऊन आलो.

२४ नोव्हें., रवि
कामशेत. स्टेशनजवळ सलीमचं वेल्डिंगचं दुकान. बाजाराचा गलका, भाताच्या पोत्यांचे टेम्पो आडवे लावलेले. दहा मिनिटं समोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहिलो. मग गेलो.
तो एका गेटावर वाकलेला. चष्मा वर केला.
"या, कोच साहेब."
सात वर्षांनी हा पहिला शब्द.
मी पटर पुढं केला. त्यानं तो उलटासुलटा पाहिला, एक डोळा मिटून दांडीवरून नजर फिरवली. मग माझ्याकडं बघितलं आणि त्याला कळलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
"कोणतं मनगट?"
"डावं."
"कधीपासून?"
"दोन वर्सं."
"दोन वर्सं लपवलंस?"
मी नजर दाराकडं वळवली. शटर ओढायला दाराशी त्याचा जुना पटर ठेवलेला. तोच, जोडपाइपचा. वेल्डिंगचा डाग ओळखला.
म्हणाला, "ठेव तितं. पुढल्या रविवारी ये, हाताचं माप घ्यावं लागंल."
"सलीम, तू हे माझ्यासाठी..."
"तुझ्यासाठी न्हाई. काम आलंय. गेट मागितलं असतंस तर गेट केलं असतं."

२५ नोव्हें., सोम
मंगलला सांगितलं कुठं गेलतो ते. भाजी निवडत होती. म्हणाली, "त्यानं केलं म्हणजे त्याचा मोठेपणा. तुमचं काय?"
माझं काय.

१ डिसें., रवि
माप. त्यानं माझा हात धरून दांडी मनगटावर बसवली, कोपराखाली चार बोटं सोडून खडूनं खूण केली. त्याची बोटं भाजून खरखरीत झालीत. एके काळी बॉलवरची माती हलक्या हातानं पुसायचा.
खूण करता करता विचारलं, मान खाली ठेवूनच:
"त्या दिवशी खरंच दिसलं व्हतं?"
"व्हय," म्हणालो.
इतक्या पटकन निघालं तोंडातून. सात वर्षं घोकलेलं.
तो "बरं" म्हणाला. दुसरी खूण केली.

३ डिसें., मंगळ
ग्रीनवर गेलो नाही. अंग दुखतंय सांगितलं.
खरं काय दिसलं? त्याचा सदरा हलला. ढगळ सदरा, थोरल्या भावाचा. वारा होता.
एवढंच.
हात वर केला तेव्हा मला खात्री होती, हेही खरं. संध्याकाळपर्यंत नव्हती. तेव्हाच जाऊन बोललो असतो तर दोन दिवसांची चर्चा. पण संध्याकाळी क्लबनं मला चहाला बोलावलं, पहिल्यांदाच मेंबरांच्या खुर्चीत बसवलं. मी बसलो.

८ डिसें., रवि
पटर तयार. लांबी बोटभर कमी केलेली, मान वाकवून तोंड वर घेतलेलं. डोळ्यांना किंचित वेडावाकडा दिसतो. हाताला लावला आणि वाटलं, हा इथंच उगवलाय.
सलीमनं फरशीवर बॉल ठेवला. सहा फुटांवर एक वॉशर.
"मार."
मारला. वॉशरवरून गेला.
"आनखी एक. थांब."
तो चालत माझ्या मागं गेला. पाठीशी, थोडा उजवीकडं. दुकानातलं ग्राइंडर बंद केलं. पावलं कुठं थांबली ते कळलं, जागा ओळखू आली. त्या दिवशी मी त्याच्या मागं बरोबर तिथंच उभा होतो.
"मार आता."
मारला. कुठं गेला पाहिलं नाही.
"दत्ता, मी हितं हाय. मला तुझी पाठ दिसती. तुझी छाती दिसत आसंल का मला?"
बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.
"न्हाई," म्हणालो.
"मंग?"
"न्हाई दिसलं. तवाबी न्हाई दिसलं."
वाटलं शिवी देईल. मारेल. त्यानं ग्राइंडर चालू केलं. ठिणग्या उडायला लागल्या. मग पुन्हा बंद केलं.
"अब्बा जाईपर्यंत इचारायचे, तू खरंच लबाडी केलीस का रं? मी न्हाई म्हनायचो. त्यास्नी पटायचं न्हाई. म्हनायचे, दत्ता कशाला खोटं बोलंल, घरचा पोरगा."
मी काही म्हणालो का? आठवत नाही. माफ कर म्हणालो असेन. म्हणालो तर ते त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.
"न्हे पटर. चांगला झालाय. क्लबात खरं लिहून देशील न देशील, तुझं तू बघ."

९ डिसें., सोम
वीस पैकी वीस. पुन्हा वीस पैकी वीस.
आनंद व्हायला हवा होता.

११ डिसें., बुध
सेक्रेटरी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सांगायलाच गेलो होतो. "बोल दत्ता." मी विचारलं, शनिवारी किती वाजता सुरू करायचं?
"साडेसात. एवढं विचारायला आलास?"
"हो सर."

१३ डिसें., शुक्र
लिहिलं. चार ओळी. तीन कागद फाडले; पहिल्यात 'गैरसमज' लिहिलं होतं, दुसऱ्यात 'वाऱ्यामुळे'. चौथ्यात: मी पाठीमागे उभा होतो, मला काही दिसलं नव्हतं, तरी मी पाहिलं असं सांगितलं, सलीमनं लबाडी केली नाही. खाली सही.
मंगलनं वाचलं. कागदाची घडी घातली. "परीक्षा झाल्यावर द्या," म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई. मला नका इचारू."

१४ डिसें., शनि
पहिला दिवस. दव जड, बॉल हळू. तरी ठरलेल्यापेक्षा दोन कमी. दोन-तीन फुटांचे सगळे आत. एकदाही दुमडलं नाही.
साहेब ग्रीनच्या कडेला उभे होते. हसत म्हणाले, "हात छातीला टेकत नाही ना रे? तो तुझा जुना दोस्त आठवतो मला."
सोबतचे दोघं हसले. त्यातल्या एकाला माहीतच नव्हतं, साहेबांनी त्याला पहिल्यापासून सांगितलं. मी बॉल पुसत उभा राहिलो. पुसलेलाच बॉल.

१५ डिसें., रवि
पास. एकूण तीन फटके राखून.
साहेबांनी हात मिळवला. "कुठून आणलास हा पटर? माझ्यासाठी पण बघ एक." मी सांगितलं, सलीमनं केला. त्यांनी मान हलवली, ऐकलं नसावं. नवीन नेमणुकीवर सही घेतली. मी सही केली. आधी सही केली, मग त्या चार ओळींचा लिफाफा दिला. हा क्रम मुद्दाम होता की नाही, मला सांगता येत नाही.
"काय आहे?"
"वाचा सर."
"राजीनामा नाही ना?" हसले. "मंगळवारी बघतो." न उघडता ड्रॉवरमध्ये टाकला आणि जेवायला गेले.
येताना कामशेतवरून आलो. सलीमचं दुकान उघडं होतं, तो पाठमोरा काम करत होता. थांबलो नाही. काय सांगणार, दिलं? वाचलं कुणी नाही.
मंगलनं विचारलं, "झालं?" मी म्हणालो, "दिलं." तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ताट वाढलं.
उद्या सोमवार, क्लबला सुट्टी. साहेबांच्या ड्रॉवरला कुलूप नसतं. मोठ्या दाराची एक किल्ली माझ्याकडं असते.