मिठाच्या डब्यापर्यंतची जागा

गाब्रोवो,
शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आदरणीय गांचोदादा,

धाकट्या मावसभावाचा टोपी काढून नमस्कार. तुमच्या पित्ताशयातले खडे सुखरूप निघाले असं राडावहिनींनी फोनवर सांगितलं. ते खडे तुम्ही बरणीत घालून दिवाणखान्यातल्या कपाटावर मांडलेत असंही सांगितलं. पहिलं ऐकून फार बरं वाटलं. दुसऱ्या बाबतीत मी वहिनींच्या बाजूचा आहे. त्यांच्या मधमाश्या कशा आहेत? इकडे सगळं ठीक. माझा उजवा गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. गुडघाही तसा फक्त जिना चढताना दुखतो. (आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट मार्चपासून 'लवकरच' चालू होणार आहे.) त्सोन्का मजेत. तिने यंदा साठ किलो गोड्या लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या आणि बरण्यांत भरल्या. आम्ही घरात दोघंच आहोत हे मी तिला दरवर्षी सांगतो, आणि ती दरवर्षी म्हणते, "पाहुणे आले तर?" पाहुणे म्हणजे तुम्हीच. तेव्हा या, आणि जाताना आठ तरी बरण्या घेऊन जा, म्हणजे मला माझे जोडे पुन्हा कपाटात ठेवता येतील.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही दर दोन वाक्यांनी "मुद्द्यावर ये" म्हणता, आणि मग माझा मुद्दाच हरवतो. पत्रात तुम्हाला तसं करता येत नाही.

तर मुद्दा असा, की मी संगीत रचायला लागलोय. हसून घ्या, मी थांबतो.

अडतीस वर्षं मी तुमच्या बँडमध्ये तो अवाढव्य पितळी ट्यूबा वाजवला. दर शनिवारी तुमच्या गावच्या, सेव्लिएवोच्या बसमध्ये माझं एक आणि ट्यूबाचं एक अशी दोन तिकिटं काढली (ड्रायव्हर म्हणायचा, ह्याची जागा तुमच्यापेक्षा मोठी आहे). लग्नं झाली, जत्रा झाल्या, शाळेच्या मिरवणुका झाल्या, आणि गावातल्या निम्म्या लोकांना शेवटच्या मुक्कामी आपणच पोचवलं. या सगळ्यात माझ्या वाट्याला आलं ते 'बूम'. माझी तक्रार नाही. बूम नसेल तर वरचे सगळे हवेत लोंबकळतात हे तुम्हीच सांगायचात. पण दादा, लोक घरी जातात ते चाल गुणगुणत जातात. बूम गुणगुणत घरी गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. निवृत्त झालो त्या दिवशी ठरवलं, डोळे मिटायच्या आत एक तरी चाल अशी करायची, की लोकांना आवडेल तो भाग माझा असेल.

आता चाल सुचली तर ती वाजवून बघणार कशावर? ट्यूबा घरात वाजवायला बंदी आहे. आमच्या जिन्यातल्या बारा बिऱ्हाडांची सभा भरली आणि तसा ठराव एकमताने झाला. एकमताने म्हणजे त्सोन्कानेही हात वर केला. विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांनी केला. मी एकटी कशी मागे राहणार?" शेवटी आमच्या बिल्यानाने स्पेनहून फोनवर उपाय सांगितला. जाताना ती तिचा जुना लॅपटॉप इथेच टाकून गेली होती (मी तो भाजलेल्या मिरच्यांच्या ताटावर झाकण म्हणून वापरायचो, हे तिला सांगू नका). त्याला एक छोटा मिडी कीबोर्ड जोडायचा. पट्ट्या आपण दाबायच्या, वाजवायचं काम लॅपटॉप करतो, आणि दाबलेलं सगळं लिहूनही ठेवतो. कानाला हेडफोन लावले की शेजारीही खूश. "स्वस्तातला घ्या बाबा," ती म्हणाली, "पण अगदी स्वस्तातला नको." चिकटपणात साऱ्या बल्गेरियात नाव काढलेल्या गाब्रोवोच्या माणसाला हे वाक्य सांगून काय उपयोग, हे तिला जन्मापासून माहीत असायला हवं होतं.

पण पैशांच्या आधी जागेचा प्रश्न आला. आमच्याकडे टेबल एकच, स्वयंपाकघरातलं, आणि ते ऑगस्टपासून बर्फ पडेपर्यंत त्सोन्काच्या ताब्यात असतं. मी रीतसर अर्ज केला. तिने पिठाच्या बोटाने टेबलावर रेघ ओढली. खिडकीपासून मिठाच्या डब्यापर्यंतची जागा माझी. मोजली, पन्नास सेंटिमीटर भरली. मिठाचा डबा थोडा सरकवता येईल का, असं विचारलं. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विषय मिटला.

म्हणजे पियानोसारख्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा गेला, एकसष्टचा गेला, एकोणपन्नासचाही गेला. उरले दोन. पंचवीस मोठ्या पट्ट्यांचा, नाहीतर बत्तीस बारक्या पट्ट्यांचा. यावर मी दोन आठवडे विचार केला. मोठ्या पट्ट्या घ्याव्यात तर बोटं नीट पडतात, पण दोनच सप्तकं मिळतात. चाल जरा वर जायला लागली की बटण दाबून सगळी फळी वर सरकवायची, तोवर चाल निघून जाते. बारक्या घ्याव्यात तर अडीच सप्तकांच्या वर जागा मिळते, पण माझी बोटं तुम्ही पाहिलीच आहेत. शेवटी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर पेन्सिलीने बत्तीस पट्ट्या आखल्या, काळ्या शाईने रंगवल्या, आणि आठवडाभर त्यावर सराव केला. त्सोन्का समोर बसून मिरच्या सोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, हात बसतोय. ती म्हणाली, "छान वाजवतोस. असंच वाजवत जा."

मग दुकानात गेलो, पुठ्ठा बगलेत मारून. दुकानाच्या मालकीणबाई कालिना, पन्नाशीच्या, अतिशय शांत. (पुठ्ठा पाहूनही काही बोलल्या नाहीत, यावरून ओळखा.) त्यांनी चार कीबोर्ड मांडले. एकावर ढोलासारखे बडवायचे रबरी चौकोन होते. मी म्हटलं, ढोल नको, बडवायला नको. दुसऱ्यावर आठ खुंट्या होत्या. मी विचारलं, या कशाला? म्हणाल्या, तुम्हाला हव्या त्या कामाला लावा. मला काम एकच होतं, आणि न वापरायच्या आठ खुंट्यांचे पैसे भरायचे म्हणजे मला झोप लागली नसती. तिसरा सर्वांत स्वस्त होता. त्यावर पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. कालिनाबाई म्हणाल्या, "हा नका घेऊ. यात हळुवारपणा नाही." मी त्यांना सांगितलं, माझ्यातही नाही, आमचे बँडमास्तर (म्हणजे तुम्हीच) अडतीस वर्षं हेच सांगत होते. तरी त्यांनी चौथाच पुढे केला. बत्तीस बारक्या पट्ट्या, हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात, दोन-चार बटणं, एक वायर, संपलं. पट्ट्या दाबून पाहिल्या. एका बोटाखाली दोन-दोन येत होत्या. मी ते दाखवलं, तर बाई म्हणाल्या, "एका बोटात दोन सूर. तोटा कुठे आहे?" या बाईंचं माहेर नक्की गाब्रोवोचं. बऱ्यापैकी बुटांच्या एका जोडीएवढी किंमत पडली. घेतला.

घरी आणला, मिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, वायर जोडली, दिवा लागला, टोपी काढली आणि पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. सगळ्या बत्तीस दाबल्या. त्सोन्का म्हणाली, "पुठ्ठ्याचाच होता तो बरा होता, फुकट होता." मी पाच मजले उतरून बसने पुन्हा दुकानात गेलो आणि कालिनाबाईंना सांगितलं, तुम्ही मला मुका दिलात. बाई मुळीच हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा स्वतः वाजत नाही. कुणी काय वाजवायचं ते हा फक्त सांगतो. वाजवणारा प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये असावा लागतो, तो तुम्ही घातलाच नाहीत." म्हणजे मुकादम. स्वतः कुदळ उचलायची नाही, दुसऱ्यांना कामाला लावायचं. दादा, त्या क्षणी मला तुमची इतकी आठवण आली म्हणून सांगू.

प्रोग्रॅम बिल्यानाने फोनवरून घालून दिला. मग आवाज आला, पण उशिरा. पट्टी आत्ता दाबावी, सूर जरा वेळाने यावा. आपल्या मागच्या रांगेतल्या हॉर्नवाल्यांसारखा. कालिनाबाईंना फोन केला (त्यांनी आवाज ओळखला, हे मला जरा लागलं). त्यांनी एक आकडा बदलायला सांगितला, आणि सूर वेळेवर आला. त्या दिवसापासून मी रोज सकाळी कॉफी झाली की खिडकीपाशी बसतो. त्सोन्का डब्याच्या पलीकडे, मी अलीकडे. हेडफोनची वायर तिच्या परातीत जायला लागली म्हणून तिने ते काढून ठेवायला लावले. आवाज बारीक ठेव म्हणाली, मला ऐकू आलं तरी चालेल.

सुरुवातीचे तीन आठवडे काही खास झालं नाही. बोटं आपोआप डावीकडे, खालच्या सुरांकडे जायची. त्सोन्का विचारायची, "हे खालचं झालं. याच्यावरचं कुठाय?" मी म्हणायचो, येईल. आणि दादा, ते आलं. सातच्या लयीत आहे, दोन-दोन-तीन, पण त्या तीनवर जरा रेंगाळतं, दारात निरोप घेताना माणूस रेंगाळतो तसं. दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तुम्ही स्वतःच गुणगुणाल. सुरावट हाताने लिहून सोबत जोडली आहे. वसंतात बँडच्या वर्धापनदिनाला वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होणार, तेव्हा माझी ही रचना घ्यावी ही नम्र विनंती. मला अजून काही नको. वहिनींना नमस्कार, मधमाश्यांना थंडी सोसू दे.

तुमचा आज्ञाधारक,
वितान द्राझेव

ता.क. आज सोमवार आहे. वरचं पत्र शुक्रवारी चिकटवलं होतं. आज बीन्सच्या पातेल्याच्या वाफेवर धरून पुन्हा उघडलं, म्हणून कागद ओलसर लागेल. 'माझी रचना' या शब्दांबद्दल थोडं लिहायचं राहिलं. खालच्या ओळीतलं बूम सगळं माझं आहे. ते चांगलं जमलंय.

ता.क. दुसरा. वरची ओळ त्सोन्काची आहे. झालं असं, की गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर आलेच नव्हते, म्हणून लवकर परतलो. चौथ्या मजल्यावर दम घ्यायला थांबलो तर वरून चाल ऐकू आली. वाटलं रेडिओ आहे. मग ती अडखळली, मागे गेली, पुन्हा आली. रेडिओ मागे जात नाही. मी पायरीवर बसलो आणि पूर्ण ऐकलं. तीस वर्षं कापडगिरणीत तुटलेले धागे जोडून तिची बोटं अशी झाली आहेत की त्या बारक्या पट्ट्या जणू तिच्या मापाने केल्यात. खरं सांगतो, पहिल्यांदा आनंद झाला नाही. गुडघ्यापेक्षा बराच वर कुठेतरी दुखलं. माझ्या तीन आठवड्यांत फक्त बूम झालं होतं, कुणाच्या तरी चालीच्या खालचं, आणि ती चाल कुणाची ते मला कळत नव्हतं. मी मुद्दाम किल्ली वाजवत आत गेलो, तर ती फडक्याने पट्ट्या पुसत होती. "मिरचीच्या बिया अडकल्या होत्या," म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवरचं, वाजवलेलं टिपून ठेवणारं लाल बटण चालू ठेवून पाव आणायला गेलो. घरात दोन पाव होते. तरी तिने पिशवी हातात दिली, आणि मी पाऊण तास फिरून तिसरा पाव घेऊन आलो. सगळं त्यात उतरलं होतं. लॅपटॉप चारच्याच ठोक्यात मोजत होता, त्याला सात कळेना, म्हणून चार दिवस बसून सगळं मोजून हाताने लिहिलं. तेवढं काम माझं. चाल पाठवतोय हे तिला माहीत नाही.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच आहे. ही चाल कशी आहे, हे तिला माझ्याकडून सांगून उपयोग नाही. एकेचाळीस वर्षं मी तिच्या प्रत्येक बरणीला 'छान' म्हणत आलोय, त्यामुळे माझ्या 'छान'ला आता घरात किंमत उरलेली नाही. तुम्ही मात्र आजवर कुणालाच चांगलं म्हटलेलं नाही, हे ती जाणते. तेव्हा एकदा शांतपणे वाजवून पाहा. आवडली, तर कार्यक्रमाचं निमंत्रण पाठवा आणि पाकिटावर तिचं पूर्ण नाव घाला, त्सोन्का द्राझेवा. नाही आवडली, तर नकाराच्या पाकिटावर माझं.

वि.