पूर्ण विश्वास

२ जून
सलग सातवा पराभव. आमची बेसबॉलची टीम चांगलीच आहे, फक्त हरते. जनरल मॅनेजर म्हणून मीच बांधली आहे, मला कळत नाही होय? दोन अजिंक्यपदं काय उगाच मिळाली? त्याला वीस वर्षं झाली, हे पेपरवाल्यांनी रोज छापायची गरज नाही. संकल्प : पेपर बंद.

३ जून, सकाळी
पेपर वाचला. आपल्याला शिव्या कोण देतंय ते कळायला नको? गाढव लेकाचे.

९ जून
आमचा मॅनेजर डुएन, म्हणजे मैदानावर टीम सांभाळणारा. सगळे म्हणतात, त्याला हाकला. मी पत्रकारांना ठणकावलं, डुएनवर माझा पूर्ण विश्वास आहे. डुएन पांढराफटक. म्हणाला, साहेब, माझ्या आधीच्या तिघांवरही तुमचा पूर्ण विश्वास होता, आठवड्याच्या आत तिघंही घरी. भलता संशयी माणूस.

१३ जून
डुएनला काढलं. नाइलाज. पठ्ठ्या सामान खोक्यांत भरूनच बसला होता. संकल्प : जेवताना स्कोअर बघायचा नाही.

२१ जून
जेवताना बघितला. हरलो. दमलो बुवा. पण आणखी एक अजिंक्यपद मिळाल्याशिवाय ही खुर्ची सोडणार नाही. खुर्चीशिवाय मला दुसरं येतं काय?

३० जून
टीमच्या मालकीणबाई मिसेस हॉलब्रुक यांचा फोन. म्हणाल्या, पत्रकार पिच्छा सोडत नाहीत, त्यांना तुमच्याबद्दल माझ्या दोन ओळी हव्यात, तुमचा हात चांगला आहे, माझ्या नावानं तुम्हीच लिहा. किती हा मोठेपणा! लिहून दिलं : 'आमच्या जनरल मॅनेजरवर माझा पूर्ण विश्वास आहे.'

१ जुलै
छापून आलं! लॉरेनला मोठ्यानं वाचून दाखवलं. बायकोनं निदान शाबास तरी म्हणावं. ती उठून गॅरेजमधलं फडताळ रिकामं करायला लागली. साफसफाईला आजचाच मुहूर्त!

२ जुलै
डुएनचा फोन. माझ्याकडे रिकामी खोकी आहेत, हवीत का, म्हणे. जळतो मेला. फोन आपटला.

४ जुलै
स्वातंत्र्यदिनाची मॅच. हरलो. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. फटाक्यांना.

५ जुलै, दुपारी
बाईंनी बोलावलंय. करार वाढवणार, दुसरं काय! नवा टाय.

५ जुलै, संध्याकाळी
बाई फार गोड बोलल्या. आजपासून मी खास सल्लागार. काम काय, विचारलं. म्हणाल्या, फोन आला तर उचलायचा. कुणाचा, हे विचारायचा धीर झाला नाही.
डुएनला फोन केला. खोकी अजून आहेत का, विचारलं. म्हणाला, घेऊन आलोय साहेब, दार उघडा.